सुकाणूविना ओमेतेपेला

ओमेतेपे बेटावर निकोलासाबाईला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. तीस वर्षं तिची लाँच बेटाभोवतीच्या अफाट तळ्यावर ये-जा करत होती आणि तीस वर्षं ती प्रवाशांवर एकाच गोष्टीसाठी खेकसत होती : "एका बाजूला गर्दी करू नका!"

त्या मंगळवारी भर तळ्यात तिने चाक फिरवलं, तर ते गरागरा फिरलं आणि लाँच आपल्याच नादात. मागे वाकून पाहते, तर पाण्यातलं सुकाणूच गायब.

"आता हो?" प्रवाशांतल्या मास्तरीणबाईंनी विचारलं.

निकोलासाने डोकं खाजवलं. केळ्यांचे घड उजवीकडे जास्त झाले की लाँच डावीकडे वळते, हे तिला ठाऊक होतं. आज केळी नव्हती, पण माणसं सव्वीस होती.

"सगळे उजवीकडे!"

"रोज तर नको म्हणता."

"रोजचं राहू द्या. उठा!"

लाँच कलली, नाक डावीकडे वळलं. "बास! चौघं परत!" त्या चौघांत आपण आहोत असं अकरा जणांना वाटलं. लाँच भलतीकडे.

शेवटी बाईने सगळ्यांना जागेवर बसवलं आणि फक्त बाउदिलिओ खाटकाला उभं केलं. "तुम्ही एकटे चौघांना भारी आहात."

बाउदिलिओ खूश. "उजवीकडे अर्धं पाऊल! पोट आत घ्या!" बाई सांगायची, लाँच ऐकायची.

किनारा दिसला आणि बाउदिलिओला मळमळलं. डावीकडचा कठडा कवटाळून तो खालीच बसला. लाँच उजवीकडे, खडकांच्या दिशेने वळू लागली.

"हला हो!"

"मेलो तरी हलत नाही!"

"मग तुम्हाला लाँचचा खांबच समजते," बाई म्हणाली. "मास्तरीणबाई, दोघी नन, सगळ्या उजवीकडे! अजून कमी पडतंय... एल्बाबाई, तुमचं ते डुक्करही न्या!"

डुक्कर केकाटत गेलं. लाँच सरळ झाली आणि धक्क्याशेजारच्या वाळूत जाऊन रुतली.

बाई उतरली. ती वाळूतच बसली. एका ननने तिच्या हातात पाणी दिलं. ते प्यायला तिला दोन्ही हात लागले.

बाउदिलिओ एव्हाना सावरला होता. डुकराकडे बघत तो एल्बाबाईला म्हणाला, "काय भाव लावता?"

"खबरदार!" सगळे प्रवासी एकदम ओरडले.