अंगणात मशीन, शेतात नांगर

आमच्याकडं बाईनं नांगराला हात लावायचा नाही. मी निपाणीकडची, लग्न होऊन खानापूर तालुक्यातल्या भाताच्या गावात आले, आणि ही चाल दोन्हीकडं सारखीच होती. त्याबद्दल मला कधी राग आला नव्हता. बाईला कामं काय कमी होती म्हणून नांगराची हौस करायची? राग आला तो टिलर घरात आल्यावर.

टिलर म्हणजे हातट्रॅक्टर. दोन चाकं, पुढं डिझेलचं इंजिन, मागं दोन लांब हँडलं. बसायचं नाही, हँडलं धरून मागनं चालायचं. सत्तर सालानंतर आमच्या भागात हे जपानी टिलर आले, सरकारी फार्मवर आणि मोठ्या जमीनवाल्यांकडं. पाचसात वर्षांत ते बिघडले, सुटे भाग मिळेनात, आणि लोकांनी ते गोठ्यामागं टाकून दिले. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेच विकत घ्यायचं वेड लागलं. बेळगुंदीला एक पडलाय, अमक्या ठिकाणी लिलाव आहे, असं कानावर आलं की हे निघाले. मग बैलगाडीत दोरानं बांधून तो गंजका सांगाडा अंगणात येऊन पडायचा आणि आमच्या कोंबड्या त्यावर बसायच्या.

पहिला आला तो मालकांनी चार दिवसांत सगळा खोलला आणि पुढं चार महिने तसाच ठेवला. खोलायला त्यांना आवडायचं. जोडायला धीर लागतो, तो त्यांच्याकडं नव्हता. नट एकीकडं, वायसर दुसरीकडं. झाडताना मी ते उचलून ठेवायची. चौथीपर्यंत शिकले होते, पण अक्षरापेक्षा चित्र मला बरं जमायचं. ते जे खोलतील ते मी जुन्या कॅलेंडरच्या मागं काढून ठेवायची. कुठला नट कुठनं निघाला, गिअरच्या दात्यांची तोंडं कुणीकडं होती, सगळं. शेवटी कंटाळून ते सगळं भंगारात घालायला निघाले तेव्हा मी ती कॅलेंडरं पुढं ठेवली. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली.

"मग तूच जोड की," म्हणाले.

मी जोडला. दोन महिने लागले. मालक बेळगावच्या भंगार बाजारातनं, कानडीत घासाघीस करून, पिस्टनच्या रिंगा आणायचे आणि मी बसवायची. लहानपणी मी बिड्या वळल्या होत्या. पान किती जाड, तंबाखू किती, हे बोटांनाच कळायचं. ते इथं कामाला आलं. व्हॉल्व्हची फट मापायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं. मी पोस्टकार्ड घालून बघायची. ते सरकलं पाहिजे, पण अडत अडत.

असे चार टिलर आम्ही बांधले आणि विकले. गिऱ्हाईक आलं की मी आत जायची. चार पुरुषांत बोलायला मला जमायचं नाही, अजूनही जमत नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "काय काय केलासा ह्याला?" मग मालक आत बघून पाणी मागायचे. मी तांब्या घेऊन बाहेर यायची आणि खाली ठेवताना हळूच म्हणायची, "नोझल, क्लचच्या पट्ट्या." हे मोठ्यानं सांगायचे, "नोझल नवा घातलोय, क्लच उतरवून केलोय." एकदा एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "तुम्हाला तहान लई लागत्या." खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटायचं. बोलायची पाळी यांच्यावर गेली, मी सुटले, असं वाटायचं. त्याबद्दल आता मला माझाच राग येतो.

पाचवा टिलर सगळ्यांत चांगला निघाला. तो घरी ठेवायचा ठरलं. शेत दोन भावांचं एकत्र होतं आणि कारभार थोरल्या दिरांचा. त्यांनी त्या उन्हाळ्यात बैलजोडी विकून टाकली. मशीन असताना बैलांना वैरण कशाला, म्हणाले.

अंगणात मी कोपरापर्यंत काळी होऊन बसलेली असायची. दीर माझे नट खोलायचे पाने ओलांडून जायचे-यायचे, त्याबद्दल कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. उलट विचारायचे, "क्लच झाला का गं?" पण एकदा क्लच नीट सुटतो का बघायला मी इंजिन चालू करून टिलर फाटकाच्या दोन पावलं बाहेर नेला.

"तिथंच थांब," दीर ओट्यावरनं म्हणाले. "फाटकाच्या बाहेर त्यो नांगूर हाय."

मालकांनी येऊन माझ्या हातातनं हँडलं घेतली. मी आत गेले.

पुढच्याच पावसाळ्यात, भाताच्या खाचरात चिखल करायच्या, म्हणजे चिखलणीच्या ऐन आधी, मालकांचं मनगट मोडलं. इंजिन चालू करायला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. मुठीत आवळून धरला आणि हँडल उलटं फिरलं तर हात मोडतो. हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, "अंगठा मोकळा सोडून माणूस काय धरणार, लाटणं?" हँडल उलटं आलं. खानापूरच्या दवाखान्यातनं ते प्लास्टर घालून आले.

आमची पाच खाचरं ओढ्याकडं उतरत गेलेली. पाणी साचून तयार होती. तरू, म्हणजे भाताची रोपं, महिन्याचं होऊन गेलं होतं आणि पिवळं पडायला लागलं होतं. आठवड्यात लावण झाली नाही तर ते फुकट जाणार आणि दोन घरांचं वर्षाचं भात जाणार. बैल विकलेले. ज्याचे बैल आहेत तो स्वतःच्या चिखलात. टिलर मात्र अंगणात धडधाकट उभा होता.

मी मालकांना म्हटलं, "मी नेते."

"अण्णाला विचारतो," ते म्हणाले.

दीर ओट्यावर बिडी ओढत होते. मी दाराच्या आत. मालकांनी विचारलं ते असं, जणू दुसऱ्याच कुणाच्या बायकोबद्दल विचारत होते.

दीर म्हणाले, "बाईनं नांगूर धरला की पाऊस पळतोय, तुला म्हाईत न्हाय?"

"मशीन हाय की अण्णा."

"चार चाकाचं असतं, वर बसून चालवायचं असतं, तर म्हटलो असतो मशीन. मागनं धरून चालायचं, मातीत फाळ फिरवायचा, म्हंजे नांगूरच. गावात तोंड दाखवायचं हाय मला."

मालक "व्हय" म्हणाले. तेवढंच.

दिरांनी पलीकडच्या गावातनं एक माणूस बोलावला. तो नांगर धरण्यात पटाईत होता. टिलर त्यानं एकदा चालवला होता, तोही सपाटीला. आता सांगायची गोष्ट अशी की टिलर वळवायला दोन्ही हँडलांखाली एकेक दांडी असते. डावी दाबली की डावीकडं वळतो. पण उतारावर उलटं होतं, हे मला गिअर जोडतानाच उमगलं होतं. डावी दाबली की डावं चाक मोकळं सुटून पुढं पळतं आणि मशीन उजवीकडं जातं. आमच्या शेताची वाट उताराची आणि उजव्या अंगाला ओढा.

मी मालकांना घरात बोलावून सांगितलं, "त्याला उताराचं सांगा."

"त्याला काय सांगायचं? जन्म गेला त्याचा नांगर धरण्यात."

"हे वेगळं आहे. सांगा तेवढं."

"आणि 'तुला कुणी सांगितलं' असं त्यानं मला विचारलं तर?"

ते बाहेर गेले आणि त्या माणसाला तंबाखू दिली. उताराचं काही बोलले नाहीत. मी दारात उभी होते. माणूस माझ्यापासून दहा हातांवर होता, आणि मी तोंड उघडलं नाही. दिरांवरच्या, मालकांवरच्या रागाइतकाच माझ्यावरचा हा राग मी अजून बाळगून आहे.

अर्ध्या तासात आरडाओरडा ऐकू आला. मी डोक्यावर पोतं घेऊन धावले. टिलर ओढ्यात आडवा पडलेला, इंजिन पाण्याखाली, एक लोखंडी चाक वर. माणसाला खरचटलंही नव्हतं. तो काठावर बसून म्हणत होता, "डावीकडं दाबलो, आनि ते उजवीकडं गेलं. भूत लागल्यागत."

दिरांनी माझ्याकडं बघितलं. "बाईनं खोललेलं मशीन," ते म्हणाले. "आनि काय व्हनार?"

चारपाच माणसं जमली होती. मालकांना ठाऊक होतं मशीन का उलटं गेलं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ते ओढ्याकडं बघत राहिले.

जमलेल्या माणसांनीच दोरानं ओढून टिलर वर काढला आणि अंगणात आणून टाकला. अंगणात आल्याबरोबर ते परत मशीन झालं आणि माझं झालं. मी तेल काढलं, तेलाच्या जागी पाणी आलं. नोझल सोडवून हँडल फिरवलं तर भोकातनं गढूळ पिचकारी उडाली. रॉकेलनं धुतलं, पुसलं, टाकी वाळवली. दोन दिवस मी पाने आपटत होते, ते कुणी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन लागलं.

आता चालवणार कोण? पलीकडच्या गावचा माणूस यायला तयार नव्हता. भुताच्या मशीनला हात लावणार नाही म्हणाला. तरू आणखी पिवळं पडलं होतं. दिरांनी सकाळभर विचार केला आणि मग तोडगा काढला.

"धाकट्यानं डावा हात हँडलावर ठेवायचा," ते म्हणाले. "नांगराला गड्याचा हात असला म्हंजे झालं. तिनं बाजूनं जरा आधार द्यायचा."

असं आम्ही निघालो. दोन्ही हँडलं मी धरलेली, क्लच मी, दांड्या मी, उतारावर उलटं दाबणारी मी. मालक माझ्या डाव्या बाजूला अंग तिरकं करून चालत होते आणि त्यांचा चांगला हात माझ्या हातावर ठेवलेला. आधार तर सोडाच, त्या हाताचा भार होता. खाचरात गुडघाभर चिखल. वळताना मी हँडल उचलायची आणि तो हात ते खाली दाबायचा. ते दोनदा घसरले, दोन्ही वेळा मीच त्यांना सावरलं आणि मशीनही. दीर बांधावर उभे होते. वाटेनं जाणाऱ्या एकाला म्हणाले, "बघ, हात मोडलाय तरी चिखलनीला उतरलाय गडी."

ते मला इंजिनाच्या आवाजातनंही ऐकू आलं.

तिसऱ्या खाचराच्या मधोमध मी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मालक म्हणाले.

"हात काढा."

"लोक बघत्यात."

"बघू देत. हात काढा, मग चालू करते."

हँडल मारायला उजवा हात लागतो. त्यांचा प्लास्टरमध्ये होता. दिरांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. त्या शिवारात ते मशीन चालू करणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बांधावरनं दीर ओरडले, "काय बिघडलं रं?" पाऊस लागलेलाच होता.

मालक हळू आवाजात म्हणाले, "माझं तोंड कुठं ऱ्हाईल गं?"

"मशीन ओढ्यात पडलं तवा माझं कुठं ऱ्हायलं?"

माझ्या तोंडातनं हे कसं निघालं मला माहीत नाही. त्यांनी हात काढला. चिखल तुडवत बांधावर गेले आणि भावाला म्हणाले, "मनगट ठणकतंय. हुबं ऱ्हावंना." तिथंही खरं बोलवलं नाही.

मी अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून हँडल मारलं. पहिल्याला लागलं नाही, दुसऱ्याला लागलं. उरलेली अडीच खाचरं मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीनं केली. दीर मध्येच घरी निघून गेले.

लावणीला बायका आल्या. चिखल बघून एका म्हातारीनं विचारलं, "कुनी केली गं चिखलनी?"

"मी," मी म्हणाले. आवाज बारीकच निघाला.

"मग वाईच पाऊस तर पळवायचा हुतास," ती म्हणाली. "कंबर भिजून गेली आमची."

बायका खूप हसल्या. मला हसू आलं नाही. तरू थोडं वाया गेलं, एक खाचर विरळ राहिलं, बाकीचं भात आलं.

पुढच्या वर्षी मालकांचं मनगट बरं झालं होतं, पण त्यांना आता हँडल मारायची भीती बसली होती. पाऊस लागल्यावर दीर स्वतः अंगणात आले. मी तेल बदलत होते.

"टिलर काढ गं उद्या," ते म्हणाले. "त्यो काय नांगूर न्हवं. मशीन हाय."

इतक्या सहज म्हणाले, जणू कायम तसंच म्हणत आले होते. मालक बाजूलाच उभे होते, त्यांनी मान डोलावली. मी दुसऱ्या दिवशी टिलर काढला, कारण तरू लावणीला आलं होतं. तेव्हापासून चिखलणीचं काम माझ्याकडंच आहे. उतारावरनं मशीन उजवीकडं का गेलं, हे मालकांनी आजवर गावात कुणाला सांगितलेलं नाही, आणि दिरांनी कधी विचारलेलं नाही.