तिसऱ्या खोलीतला खिळा

घरमालक दूर असला म्हणजे भाडेकरू सुखी, असं लोक म्हणतात. आमचे घरमालक दूर गेले आणि माझ्या मागे दर महिन्याला एक पत्र लागलं.

यवतमाळात आम्ही राहायचो ते घर म्हणजे एका आंगणाच्या कडेनं ओळीत चार खोल्या, मध्ये विहीर, विहिरीशेजारी कडुनिंब आणि वर कवेलूंचं छप्पर. मालक माझ्या नवऱ्याचे शाळासोबती. नागपूरच्या कचेरीत होते, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन घरावर नजर टाकून जायचे. छप्पन साली राज्यं बदलली. आमचा मुलूख मुंबईकडे गेला आणि त्यांची कचेरी भोपाळला. जाण्याआधी ते येऊन नवऱ्याला म्हणाले, "घराकडं तूच पाह्यजो. आनं काय पडलं, काय झडलं, सारं दर महिन्याले लिहून कळवत जाजो."

नवरा जिनिंगमध्ये कारकून. तो मान हलवून मोकळा झाला आणि मालकांचा टांगा गल्लीबाहेर पडताच मला म्हणाला, "दिवसभर जिनात तेच करून राह्यलो. आता घरी बी लिहू का?" मी चौथी पास होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, याचा मला गर्व होता. तो गर्व त्यानं बरोबर हेरला. दुसऱ्या महिन्यापासून निळं आंतर्देशीय पत्र माझ्यासमोर यायला लागलं.

मालकांनी अर्ध्या कागदावर क्रम लिहून दिला होता. आधी छप्पर, मग विहीर, भिंती, दारं-खिडक्या, नाली आणि सगळ्यात शेवटी राहणारे. मी तो कागद पिठाच्या डब्याखाली ठेवायची आणि पत्र लिहिताना त्याच क्रमानं जायची. वानरांनी किती कवेलू फोडली, विहिरीचं चाक कुरकुरतं की नाही, कोणत्या चौकटीला उधई म्हणजे वाळवी लागली, सगळं सांगायची. मालक मला वहिनी म्हणत, मी त्यांना भाऊजी. त्यांचं उत्तर यायचं, "वहिनी, तुमचं पत्र वाचलं की घर डोळ्यांपुढं येतं." मी ते पत्र नवऱ्याला दोनदा वाचून दाखवायची. तो म्हणायचा, "आता डोक्यावर बसशील."

दोनेक वर्षांनी तिसरी खोली रिकामी झाली. ती पाहायला एक मास्तर आले, सरकारी शाळेतले, मूळ फुलसावंगीकडचे. सोबत बायको आणि कडेवर मुलगी. मास्तरांनी खोलीत पाऊल टाकण्याआधीच सांगून टाकलं, "आमी बौद्ध आहो, बाई. नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. चालत नसन तं आताच सांगा, मंग सामान बांधायले लावू नोका." या आधी दोन ठिकाणी त्यांना तसं करावं लागलं होतं. सहा महिने झाले, की कुणीतरी मालकाच्या कानाला लागायचं आणि खोली सोडावी लागायची.

मी म्हटलं, राहा. नवरा म्हणाला, मालकाला विचार. मी म्हटलं, लिहीन. मला त्या दिवशी आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं होतं, हे कबूल करते.

त्या महिन्याच्या पत्रात मी छप्पर लिहिलं, विहीर लिहिली, भिंती लिहिल्या. शेवटी राहणाऱ्यांवर आले आणि हात थांबला. मग लिहिलं, "तिसऱ्या खोलीत एक मास्तर आले आहेत. कुटुंब लहान आहे. माणसं निर्मळ आहेत." पत्र चिकटवलं आणि टाकून आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हटलं.

मालकांचं उत्तर आलं. मास्तर कोण, कुठले, आडनाव काय? पुढच्या पत्रात मी विहिरीच्या कठड्याला गेलेल्या चिरेबद्दल एवढं लिहिलं की आडनावाला जागाच उरली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी नालीवर लिहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, आणि मी सुटले असं मला वाटलं.

मास्तरीण माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होती. मोजकं बोलायची, पण हाताला थारा नव्हता. तिच्या खोलीपुढचं सारवण पाहून पहिल्या खोलीतल्या फिटरच्या बायकोनं लाजेनं आपलं सारवायला घेतलं होतं. हीच फिटरीण सुरुवातीला मास्तरीण पाण्याला आली की विहिरीवरची आपली घागर उचलून बाजूला ठेवायची. मी तिला एकदा आंगणात सगळ्यांसमोर झापलं होतं. उन्हाळ्यात आम्ही तिघी एकाच बाजेवर कुरोड्या घालायला लागलो, तेव्हा मला वाटलं की सगळं मार्गी लागलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. मास्तरांकडे बुद्धाची एक तसबीर होती, काच लावलेली. ती भिंतीवर नव्हती. धुतलेल्या कापडात गुंडाळून पेटीवर उभी ठेवलेली असायची. सकाळी मास्तरीण कापड काढायची, हात जोडायची, पुन्हा गुंडाळायची. मी एकदा म्हटलं, "अवं, एक खिळा ठोक ना भिंतीत. मालक काही भोपाळहून खिळे मोजायले येत नाही."

ती म्हणाली, "दोन खोल्यांत ठोकला, बाई. दोन्ही वेळेस काढून न्या लागला. आता मालकाले आमचं ठाऊक झालं, त्यायनं राहा म्हनलं, की मंग ठोकीन. तुमी लिहलं का जी त्यायले?"

"लिहिते," मी म्हटलं.

त्या वर्षी कवेलू फेरायची वेळ आली. आमच्याकडे दर साली पावसाळ्याआधी छप्पर उघडून कवेलू फेरतात, फुटकी काढतात, चांगली पुन्हा बसवतात. गडी तेव्हा कुणालाच मिळत नाही, सगळ्या गावाची छपरं एकाच पंधरवड्यात उघडी असतात. तिसऱ्या खोलीचा एक वासा उधईनं पोखरलेला निघाला. मास्तर म्हणाले, मी चढतो. त्यांच्या वडिलांचा हा हातचा धंदा होता. शाळेला सुट्टी होती. आठ दिवस ते डोक्याला पंचा बांधून वर होते आणि मास्तरीण खालून कवेलू चढवायची, दोन-दोन, हातात हात दिल्यासारखी. त्यांनी आपल्या खोलीचा वासा बदलला आणि मग चारही खोल्यांची कवेलू फेरली. पाऊस सुरू झाला आणि त्या साली आमच्या घरात एकही भांडं गळतीखाली ठेवावं लागलं नाही.

मास्तरीण माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, यंदा पत्रात ह्यायचं नाव लिहजा. हे वर चढलते म्हणून. घराचं काम केलं म्हनल्यावर मालक नाही म्हननार नाई."

किती सरळ होतं! तिनंच मला वाट दाखवली होती. मी लिहायला बसले. "तिसऱ्या खोलीचा वासा वाळवीनं खाल्ला होता." इथपर्यंत अक्षर मोत्यासारखं. मास्तरांनी बदलला म्हटलं, तर मालक आनंदानं पुन्हा विचारणार, कोण हे मास्तर? मी लिहिलं, "माणूस लावून बदलून घेतला."

आणि पंधरा दिवसांनी मास्तरिणीनं विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, "लिहिलं. भाऊजींचं उत्तरही आलं. त्यांची काही हरकत नाही."

का सांगितलं? तिचा चेहरा पाहवत नव्हता म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

ती आत गेली आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून ठक ठक आवाज आला. तिच्याकडे हातोडी नव्हती, वरवंट्यानंच ठोकत होती. आमच्या मधल्या भिंतीचा पोपडा माझ्या चुलीपुढे पडला. संध्याकाळी तिनं मला बोलावलं, तसबीर दाखवली आणि हातावर गूळ ठेवला. मी तो खाल्ला.

दिवाळीच्या सुट्टीत मालक कळवल्याशिवाय आले. कडुनिंबाखाली बाज टाकली, चहा झाला आणि त्यांनी पिशवीतून माझी सगळी पत्रं काढली, सुतळीनं बांधलेली. दर पत्रातलं एक-एक काम वाचायचे आणि उठून ते पाहून यायचे. विहिरीचा कठडा पाहिला, नाली पाहिली. आंगणात सगळे जमले होते. मास्तर आपल्या उंबऱ्यात उभे होते. मला तिथून उठून जाता येत नव्हतं.

"तिसऱ्या खोलीचा वासा, माणूस लावून बदलून घेतला," मालकांनी वाचलं आणि वर पाहिलं. "कोन होता जी हा माणूस? हात चांगला हाय त्याचा. पुढच्या साली बी त्यालेच लावजा, वहिनी."

फिटरीण कौतुकानं म्हणाली, "माणूस कायचा जी? मास्तरच चढलते. चारी खोल्या त्यायनंच फेरल्या."

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तुमीच का ते मास्तर? मी दोनदा आडनाव विचारलं. वहिनीनं लिहलंच नाई."

मास्तरांनी आडनाव सांगितलं. मग म्हणाले, "आमी बौद्ध आहो."

मालकांनी हातातलं पत्र मांडीवर ठेवलं. ते काही साधुपुरुष नव्हते. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, फिटरिणीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग म्हणाले, "असू द्या. घर नीट राह्यलं पाहिजे, मले दुसरं काय करायचं हाय? राहा तुमी." आणि पुढचं पत्र उचललं.

एवढंच. मी दीड वर्ष जे झाकून ठेवलं होतं, ते सांगायला एक वाक्य लागलं आणि उत्तरालाही जेमतेम तेवढंच. मला वाटलं, सुटलो एकदाचे सगळे. मी हसून मास्तरिणीकडे पाहिलं.

ती आतून दारात आली होती. मास्तरांच्या मागून मला म्हणाली, "बाई, तुमी तं लिहलं म्हनलं होतं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. आंगणात कुणाला काही विशेष कळलंही नसेल. ती वळून आत गेली.

त्यानंतर महिनाभरात मास्तरांनी खेड्यावरची शाळा मागून घेतली, मुकुटबनच्या बाजूची, जिथं जायला नको म्हणून दुसरे लोक वशिल्याच्या चिठ्ठ्या आणून बदल्या रद्द करवायचे. निघण्याआधी मास्तरिणीनं खोली पांढऱ्या मातीनं पोतारली, जमीन सारवली, उंबरा धुतला. मी दोनदा गेले. ती पाट द्यायची, पाणी द्यायची आणि कामाला लागायची. शेवटच्या दिवशी मी तिचा हात धरला. म्हटलं, "भाऊजी तर राहा म्हणाले ना, मग काहून जाता?"

"मालकाचं काय, बाई," ती म्हणाली. "ते भोपाळले. तुमी भिंतीपलीकडं होत्या."

बैलांची दमणी आली, सामान चढलं. तसबीर तिनं मांडीवर घेतली, पुन्हा त्याच कापडात. किल्ली माझ्या हातात दिली. मुलीनं मला टाटा केला, तिला काय ठाऊक.

मी मालकाला भीत होते, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो माणूस एरवी कशात पडत नाही, पण त्या दिवशी म्हणाला, "मालकाले भेत होती तं तिले खोटं काहून सांगितलं?" मला राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांत माझं मलाच दिसलं. मालकानं नाही म्हटलं असतं, तर मला उभं राहून म्हणावं लागलं असतं की ही माझी माणसं आहेत, ही राहतील. ते मला म्हणायचं नव्हतं. विहिरीवर फिटरिणीला झापणं सोपं होतं. माझ्या हातानं, माझ्या त्या सुंदर अक्षरात, मी त्यांना घरात घेतलं आणि घराबाहेर ठेवलं. याची मला आजही लाज वाटते.

त्या महिन्याचं पत्र मी क्रम मोडून लिहिलं. आधी राहणारे लिहिले. वासा कुणी बदलला, कवेलू कुणी चढवली, ती माणसं कशानं गेली, सगळं. तिन्ही घड्या भरल्या, छपराला जागा उरली नाही. मालकांचं उत्तर आलं, "मजकूर समजला. खोली रिकामी ठेवू नये. छपराचं कळवलं नाही?"

पुढे त्या खोलीत एक तलाठी आला, एकटाच. चार दिवसांनी त्याला चहा द्यायला गेले, तर भिंतीवरच्या त्या खिळ्याला त्याचा सदरा लटकत होता. मी म्हटलं, "तिथं नका अडकवू काही."

"काहून जी?" तो म्हणाला. "कोनाचा हाय खिळा?"

मी त्याला मास्तरांचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. ते मी मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारत होते. त्यानं ऐकलं, बरं म्हणून मान हलवली, माझ्या हातातला चहा घेतला आणि सदरा तिथंच राहू दिला.