दमयंतीच्या साइटवरच्या जाहिराती

खाडीकाठच्या हेदवीची दमयंती लग्न होऊन लोट्याला आली, तेव्हापासून तिचा जीव खाडीतच अडकलेला. नवरा विनीत केमिकल कंपनीत ऑपरेटर. भाड्याच्या दोन खोल्या, मूलबाळ नाही. त्याबद्दल बोलणं दोघांनी केव्हाच सोडून दिलं होतं. करमेना म्हणून ती मोबाईलवर लिहायला लागली. तिसऱ्यांच्या शिंपल्यांतली वाळू कशी काढायची, बांगड्याच्या आमटीत तिरफळं कधी घालायची, ओहोटीला आई कालवं कशी फोडायची. कॉम्प्युटर क्लासच्या बाईंनी तिला साइट करून दिली: 'खाडीकाठचं जेवण'.

विनीत देवरूखकडचा, डोंगरातला. त्याला बांगडा आणि सौंदाळा यातला फरकही कळत नसे. पण नवीन काही लिहिलं की दमयंती आधी त्याला वाचून दाखवायची. तो ड्यूटीवरून येऊन भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "भूक लागली गं दमू. म्हणजे झालंय बरोबर."

मुंबईच्या, मस्कतच्या बायका वाचायला येऊ लागल्या. मग बाईंनीच साइटवर जाहिराती लावायला शिकवलं. कुणी जाहिरात बघितली, दाबली, की थोडे पैसे जमा होत. पहिल्यांदा पैसे आले त्या दिवशी दमयंती म्हणाली, "अहो, हे असंच वाढलं ना, तर तुम्ही कंपनी सोडायची. तिथल्या वासाने लागलेला तुमचा खोकला मला ऐकवत नाही."

विनीत हसला. पण दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं.

पावसाळा सरता सरता जाहिराती देणाऱ्या कंपनीचा ईमेल आला. इंग्रजीत होता, तिने पुन्हा पुन्हा वाचला. मोजक्याच फोनवरून जाहिराती सारख्या दाबल्या जात होत्या, म्हणून तिचं जाहिरातींचं खातं कायमचं बंद. साठलेली कमाईही मिळणार नव्हती. तिने अर्ज केला. निर्णय बदलणार नाही, एवढंच उत्तर आलं. फोन करून रडावं, तर नंबरही नव्हता.

विनीत घरी आला. "दिवा का नाही लावलास?"

"कुणीतरी मुद्दाम जाहिराती दाबत होतं म्हणे. खातं बंद केलं त्यांनी. माझं कुणाशी वैर आहे हो?"

विनीत बूट काढत होता. त्याचा हात थांबला.

"वैर कुठलं," तो म्हणाला. "आम्हीच ते. बसमधले. मीच सांगितलं होतं सगळ्यांना. माझ्या शेजारी बसणारा बाळा तर रोज सगळ्यांना विचारायचा, वहिनींची जाहिरात दाबली का रे? म्हटलं, तेवढाच तुला हातभार."

दमयंतीला रागावताही येईना. वाईट हेतूने केलं असतं तर भांडली असती. "मीच सांगायला हवं होतं तुम्हाला, असं चालत नाही म्हणून," ती कशीबशी म्हणाली.

रविवारी बाळा आणि आणखी दोघं दारात येऊन उभे राहिले. हातात पापलेटांची पिशवी. "वहिनी, आम्हाला ठाऊक नव्हतं हो," बाळा म्हणाला आणि त्याने पिशवी पुढे केली. तिने मासे तळले, वाढले. सगळे माना खाली घालून जेवले.

पुढे काही दिवसांनी तिने उगाचच चिंगळांच्या, बारीक कोलंबीच्या, भातावर लिहायला घेतलं. पैसे नाही तर नाही. "ऐका हां," ती म्हणाली.

"नको. मला नको सांगूस काही. माझा हात लागला की तुझं बिघडतं."

"अहो, नुसतं ऐकायचंय."

"नको म्हटलं ना!" तो उठून बाहेर गेला. नळापाशी त्याचा खोकला किती तरी वेळ ऐकू येत राहिला.

ते लिहिणं तिने पुरं केलं नाही. कुणी भूक लागली म्हटल्याशिवाय बरोबर झालंय की नाही, हे तिला कळत नव्हतं. मस्कतच्या एका बाईने दोनदा विचारलं, बरं आहे ना तुमचं? तिने उत्तर दिलं नाही. वर्ष संपलं, साइटच्या नावाचे पैसे तिने भरले नाहीत, आणि साइट बंद पडली.

विनीत अजून त्याच बसने जातो. बाळाशेजारी बसत नाही, पुढे ड्रायव्हरजवळ बसतो. घरी दोघांचं भांडण झालंय असं नाही. उलट, हल्ली ती एकमेकांशी फार जपून बोलतात, पाहुण्यांशी बोलावं तसं.