दोरीच्या पुढची धाव

फक्कीचा वास आला की मला टाळ्या ऐकू येतात, आणि त्यातली एकही माझ्यासाठी नसते. आमच्या शाळेला मैदान नव्हतं, म्हणून वर्षअखेरची शर्यत किहीमच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून व्हायची. कोळीवाड्यातली एक मुलगी पाचवीपासून पहिली येत होती आणि मी दुसरी. आता दहावी, म्हणजे तिला हरवायची ही शेवटची संधी. पण प्रमुख पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं की समुद्रालाही कंटाळा आला आणि तो रेघा पुसत वर सरकला. "पान्यातून पलशील ना गो?" तिनं डोळा मारून विचारलं. "तुझं तू बघ!" मी ऐटीत म्हणाले. शिट्टी वाजली. मी बदकासारखी फदफदत राहिले, आणि ती गुडघे छातीपर्यंत उचलत अशी निघाली, की मी धावता धावता तिच्याकडेच बघत बसले. पँट दुमडून पाण्यात उभ्या असलेल्या दोन सरांच्या हातातली दोरी तिनं छातीनं ओढून नेली, आणि थांबलीच नाही. सर ओरडले, मग तेही बघत राहिले. सुरूच्या झाडांच्या रांगेपाशी ती ठिपक्याएवढी झाली. बऱ्याच वेळानं चालत परत आली. मी विचारलं, "अगं, जिंकलीस की! मग पुढे कशाला पळत सुटलीस?" ती हसली. "परीक्षा झाली का आयेसंगती बाजारात म्हावरा विकाया बसायचाच हाय गो. म्हटला, आज पलून घेव." माझे पन्नाशीचे गुडघे हल्ली बसायला निमित्त शोधतात, मी त्यांना तिचं हे वाक्य ऐकवते, आणि बिचारे निमूट उठतात.