बिनगळाची माशी

ऑक्टोबर २००५, शनिवार सकाळ. हॉलंडमधल्या न्यूनेन गावाबाहेरचा तलाव. हजर: आइंडहोवनच्या ऑफिसातले माझे वरिष्ठ आणि शेजारीही असलेले ते, तलावाचा डच राखणदार, आणि गाडी चालवणारी मी. सोबत थर्मास, कोरडे मोजे, त्यांची जिभेखाली ठेवायची गोळी.

“हा शेवटचा, मॅनेजरबाई!” म्हणून ते दोर हवेत झुलवत फेकायचे. मग तासभर शेवटचाच चालायचा.

हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, एखादा शांत छंद लावून घ्या. या माळकरी माणसाने निवडली ट्राउटची मासेमारी! मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, अशी समजूत. नाव नोंदवल्यावर कळलं, इथे धरलेला मासा परत सोडायचा नाही. मारून घरी न्यायचा.

तुम्ही-आम्ही मागे फिरलो असतो. त्यांनी पक्कड काढली आणि पिसांच्या नकली माशीतलं गळाचं टोकच तोडलं. ट्राउट यायचा, माशी तोंडात घ्यायचा, थुंकून निघून जायचा. हे खूश!

“आजही काही नाही?” राखणदार कळवळून विचारायचा.

“निक्स!” हे हसत त्याच्याच भाषेत ‘काही नाही’ सांगायचे.

बिचारा स्वतः बांधलेल्या माश्या द्यायचा. हे गाडीमागे जाऊन त्यांचीही टोकं उडवायचे.

निघताना वहिनी दारात येऊन बजावायच्या, “ताई, पाण्यात उतरू देऊ नका हं त्यांना.”

त्या शनिवारी मी चहा ओतत होते, तेवढ्यात ते उतरले. गुडघाभर पाणी. काठीचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. मी हाक मारली. मी बुटांसकट पाण्यात शिरले.

“ओरडू नका, ट्राउट माशीकडे बघतोय,” ते पुटपुटले. ओठ निळे पडले होते.

गोळी मी दिली, अँब्युलन्स राखणदाराने बोलावली.

इथले डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल. चार दिवसांनी जरा बरं वाटताच हे हटून बसले, “पुण्यातच करणार. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी ‘काका, डोळे उघडा’ म्हणायला हवं. इथे काय म्हणतील ते मला कळायचंसुद्धा नाही.” डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, आणि वहिनी त्यांना घेऊन गेल्या.

आज ऑपरेशन. पुण्यात एव्हाना संध्याकाळ झाली असेल. शेजारचे पडदे ओढलेले आहेत. मी कपाट आवरलं, इस्त्री संपवली, आठवड्याची भाजी निवडून ठेवली. वहिनींना फोन तेवढा करायचा राहिलाय.