रेघेबाहेरची रांगोळी

टेनिसच्या मैदानात मी एकदा रांगोळी काढली होती. आधी हसून घ्या, मग पुढचं सांगते.

तेव्हा मी सोळा वर्षांची सून होते. पदर साठ वर्षांच्या बाईसारखा आणि अक्कल आठ वर्षांच्या पोरीची. हिंगोलीला आमचं घर ऑफिसर लोकांच्या क्लबाच्या मागे, जुन्या छावणीच्या बाजूला. माळवदावर उभं राहिलं की खालचं मैदान ताटातल्या भाकरीसारखं पुढ्यात. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी माझे पापड कधी वाळतच नसत. सासूबाई विचारायच्या, "ह्या पोरीला जुम्म्याच्याच दिवशी वाळवण काहून सुचतं?"

निजामीत शुक्रवारी कचेरीला सुट्टी. त्या दिवशी मुन्सफसाहेब आणि वकीलसाहेब खेळायचे. आणि दोघांच्या मधे उभा राहायचा तो मार्कर.

त्याचं नाव कुणी घेत नसे. मैदान राखणारा म्हणून मार्कर. पन्नाशीचा, काटकुळा, मैदानात कायम अनवाणी. चेंडू रेघेजवळ पडला आणि शंका आली की दोघे साहेब थांबून त्याच्याकडे बघत. तो सावकाश चालत जायचा, चेंडू उचलायचा, बोट जिभेला लावून चेंडूवर फिरवायचा आणि ते बोट वर धरायचा. बोटाला पांढरं लागलेलं असलं तर म्हणायचा, "चुना उडाला. आत." नसलं तर, "न्हाई उडाला. भाइर." बस. दोघे खेळायला लागल्यापासून सहा वर्षांत त्या बोटावर कुणी शब्द काढला नव्हता.

मैदान शेणामातीचं. शुक्रवारी सकाळी तो एकटा ते सारवायचा. बायकांचं काम म्हणून लोक हसत. मी मात्र तोंडात बोट घालून बघायची. एवढं मोठं मैदान, पण हाताचा सांधा कुठे दिसायचा नाही. माझ्या सारवणात तर चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चार सांधे. त्याची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, लेकरूबाळ नव्हतं. सारवण सुकलं की डबड्यात चुना कालवून, दोरी लावून तो रेघा ओढायचा. त्याचा बापही इथेच गोऱ्या साहेबांसाठी हेच करत होता म्हणे.

आता ते दोघे. मुन्सफ सडपातळ, मुसलमान, बोलणं कमी. चेंडू असा अलगद कापायचे की तो जाळी ओलांडून तिथेच बसायचा. वकीलसाहेब धोतराचा काचा मारून उतरायचे आणि लाकूड फोडल्यासारखे मारायचे. कचेरीत मुन्सफ वर बसत आणि वकील खाली उभं राहून 'हुजूर' म्हणत. संध्याकाळी दोघांची जमीन सारखी, आणि ती सारखी ठेवणं मार्करच्या हातात. मुन्सफांची वसमतला बदली झाली, तरी शुक्रवारची मोटार धरून ते यायचे. एकमेकांवाचून त्यांना करमत नसावं.

मी वकीलसाहेबांच्या बाजूची. आमचे हे त्यांचे कागद नकलून द्यायचे, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे त्यांच्या पिंढऱ्या बघण्यासारख्या होत्या. आता या वयात कुणाची भीती आहे मला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात सगळंच बिघडलं. खेड्यांतून वाईट बातम्या यायच्या. लोक कनेरगाव नाका ओलांडून वाशीमला, वऱ्हाडात पळत होते. पूर्वी खेळ बघायला सगळे एकाच लिंबाखाली बसत. आता 'आपले' इकडे आणि 'त्यांचे' तिकडे. वकीलसाहेबांच्या बैलगाड्या भरून तयार होत्या. जायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. हा शेवटचा खेळ, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ते जिंकूनच जावेत असं मला वाटलं. आणि दुपारी वरून बघते तर ते सारवण कोरंच. गोरेगावात माझ्या आईनं शिकवलेलं, सारवलेली भुई बोडकी ठेवू नये, अशुभ असतं. घरात सगळे झोपलेले. मार्कर जेवायला गेलेला. मी निवडुंगाच्या कुंपणातून आत शिरले आणि मागच्या रेघेच्या बाहेर, चार बोटांवर, तळहाताएवढं आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. मधे हळदकुंकू वाहिलं. खेळणारे रेघेच्या आत खेळतात, बाहेरची जागा रिकामीच असते, ही माझी समजूत.

संध्याकाळी अगदी शेवटच्या डावाला वकीलसाहेबांनी जोरात मारलं. चेंडू मुन्सफांच्या टाचेमागे पडला आणि पांढरा धुरळा उडाला.

"चुना उडाला," मार्कर जाळीजवळून म्हणाला. "आत."

वकील जिंकले. लिंबाखाली टोप्या उडाल्या. मुन्सफांनी खाली एकदा पाहिलं, रॅकेट काखेत मारली आणि हात मिळवायला निघाले.

मार्करनं सवयीनं चेंडू उचलला, ओलं बोट फिरवलं. आणि बोट वर धरलंच नाही. त्यानं खाली पाहिलं. मग एकदा, एकदाच, आमच्या माळवदाकडे पाहिलं. चुन्यात कुंकू नसतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "चेंडू भाइर हाय. माझी नजर चुकली."

गलका झाला. 'आपल्यां'तून कुणी ओरडलं, "आन् उडालं ते काय व्हतं? चेंडू दाखव."

"म्या म्हनलो न्हवं, भाइर."

"दाखव म्हन्तो ना. का मुन्सफाचं मीठ खाल्लंस?"

त्यानं चेंडू धोतराला पुसला. खसाखसा पुसला. मग टाचेनं माझं कमळ मातीत घासलं. लाल बोट दाखवलं असतं तर तो सुटला असता. पण मग कुंकू कुणाचं, हे निघालं असतं, आणि भर दुपारी साहेबांच्या क्लबात शिरलेल्या सुनेला सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत घालून माहेरी टाकलं असतं.

वकीलसाहेबांनी एक वाक्य बोलायचं होतं. सहा वर्षं हा माणूस खोटं बोलला नाही, एवढंच. बोलण्यावरच तर त्यांचं पोट होतं. ते रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत राहिले. त्यांना तरी काय नावं ठेवू. मी वर पापड उलटत होते.

खेळ पुढे झाला. वकील हरले.

दुसऱ्या दिवशी मार्करच्या दारावर कुणीतरी चुन्यानं 'फितूर' लिहिलं. चुना त्याच्याच डबड्यातला. वकीलसाहेब नाक्यापलीकडे गेले. मुन्सफ पुन्हा आले नाहीत. मार्कर रिकाम्या मैदानाला पाणी मारायचा, कारण दुसरं करायला काही नव्हतं. विहिरीवर त्याला शेवटी पाणी मिळायचं. पाऊस लागला आणि मैदानात गवत माजलं. सप्टेंबरात फौजा आल्या, निजामी गेली, साखर वाटली गेली. त्याच आठवड्यात मार्करची झोपडी जळाली. तो बाहेर होता म्हणून वाचला.

त्यानंतर तो हिंगोलीत राहिला नाही. कनेरगावाकडे बहिणीकडे गेला म्हणतात. पुढे मी विचारलं तिथे कुणालाच तो आठवत नव्हता.

जायच्या दिवशी तो कुंपणाच्या कडेनं चालला होता. खांद्यावर घोंगडी, हातात ते चुन्याचं डबडं. मी शेण टाकायच्या निमित्तानं परसात गेले. चार महिने पाठ केलेलं सगळं विसरले. "मामा, ती मी होते. मी सांगायला पाहिजे होतं," एवढंच म्हणता आलं, आणि रडायला लागले.

तो थांबला. डबडं खाली ठेवलं. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून हळू म्हणाला, "सूनबाई, म्या दुपारीच पाह्यली व्हती ती रांगोळी. पुसाया झाडू घेतला व्हता हातात. पर माझ्या सारवनावर कुनी रांगोळी काढून बारा वरसं झाली व्हती."