मुद्दाम चुकीचा विचारलेला प्रश्न

आमची चाकणची कंपनी एअर कॉम्प्रेसर बनवते, गिऱ्हाईक मागेल तसा. टाकी लहान किंवा मोठी, चालवायला विजेची मोटर किंवा डिझेलचं इंजिन, खाली चाकं हवी असतील तर चाकं. कशाबरोबर काय चालतं याचे ढीगभर नियम सॉफ्टवेअरमध्ये भरलेत आणि ते सांभाळणं हे माझं काम. रोज सकाळी एक प्रोग्रॅम त्या नियमांना आपोआप प्रश्न विचारतो आणि आलेलं उत्तर आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघतो. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल.

त्या लाल रंगाची आमच्याकडे भारी धास्ती. सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर लाल दिसलं की मॅनेजर चारचौघांत सालटी काढायचे. म्हणून माझ्या आधीच्या मंडळींनी सोपा मार्ग शोधला होता. लाल आलं की नियम दुरुस्त करायचा नाही, ठरवलेलं उत्तरच बदलून टाकायचं. मीटिंगा सुखाने पार पडत गेल्या. शेवटी दाब न पेलणारी टाकी लावलेलं एक मशीन बाहेर पडलं आणि गिऱ्हाइकाकडे फुटलं. कोणी दगावलं नाही, हे नशीब.

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या ऑर्डरी रोखल्या. लाइन बंद, कंत्राटी पोरं घरी. शुक्रवारपर्यंत खरे नियम सांगा, नाहीतर तुमची टीमही घरी, असं मला सुनावलं. पण खरे कुठले ते कसं कळणार? हिरव्यावर भरवसा नाही आणि लालवरही नाही. बाथरूममध्ये जाऊन मी रडले, आणि त्या आधीच्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

हे नियम मुळात ज्यांनी बसवले ते डिझाइनचे सर निवृत्त होऊन मोशीत राहत होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. मी फोन केला, तर काकू म्हणाल्या, "बोलता येत न्हाई, पन कळतंय समदं. मान हलवून सांगत्यात. ये तू."

मी पलंगाशेजारी लॅपटॉप उघडून बसले. "सर, या टाकीला हा व्हॉल्व्ह चालतो ना?" सरांनी मान डोलावली. पुढच्या प्रश्नालाही हो. मी भराभर विचारत सुटले. वाटलं, सुटलो आपण.

मग हाताला लागलेली सवय आडवी आली. तपासणारा जागा आहे की नाही हे बघायला आम्ही मधेच एक प्रश्न मुद्दाम चुकीचा टाकतो. मी विचारलं, "सर, डिझेल इंजिनवर चालणाऱ्या मशीनला ते चालवायला विजेची मोटरही लावायची ना?"

सरांनी तितक्याच प्रेमाने मान डोलावली.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा हो. कंपनीत असताना साध्या प्रश्नालाही आधी 'न्हाई' म्हणून मग विचार करणारा हा माणूस. शुक्रवारचं काय होणार, हेही मी क्षणभर विसरले.

काकू चहाचा कप घेऊन दारातच उभ्या होत्या, चेहरा फुललेला. "डॉक्टर म्हनत्यात, ह्यांना काय उमजत नसंल. तू एवढी शिकलेली. तूच सांग, उमजतंय न्हवं?"

"उमजतंय, काकू," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

त्या सरांकडे वळल्या. "ऐकलं का, कंपनीला अजून तुमीच लागताय."

सरांनी मान डोलावली.